असिस्ट ट्रॉफीपासून फायटरपर्यंत: बढती कुणाला मिळेल हे ओळखायचं कसं

प्रश्न असा आहे: सुपर स्मॅश ब्रदर्समध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या पात्रांना एकमेकांशी लढवणाऱ्या फायटिंग गेम मालिकेत, जी पात्रं आज फक्त असिस्ट ट्रॉफी म्हणून येतात, काही सेकंद मदत करून निघून जातात, त्यांच्यातलं कोण पुढच्या गेममध्ये फायटर होईल, म्हणजे खेळायला मिळेल, याचा अंदाज कशावरून बांधायचा? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: वालुईजी तीन गेममध्ये असिस्ट ट्रॉफीच राहिला, म्हणजे त्याची आशा सोडायची का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. आशा सोडू नका. असिस्ट ट्रॉफी होणं म्हणजे नकार, असं बहुतेक लोक धरून चालतात आणि इथेच अंदाज चुकायला सुरुवात होते. तो नकार फक्त त्या एका गेमपुरता असतो. त्या गेममध्ये मात्र तो पक्का असतो. स्मॅशमध्ये मूळ गेममधली असिस्ट ट्रॉफी त्याच गेमच्या डीएलसीतून (गेम आल्यानंतर दिलेल्या भरीतून) फायटर झाली, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. पण एका गेममधून दुसऱ्यात जाताना बढती मिळाल्याची ठळक उदाहरणं आहेत. लिटल मॅक २००८ च्या ब्रॉल या स्मॅश गेममध्ये असिस्ट ट्रॉफी होता, २०१४ मध्ये फायटर झाला. इझाबेल आणि डार्क सॅमस २०१४ मध्ये असिस्ट ट्रॉफी होत्या, २०१८ च्या अल्टिमेटमध्ये दोघी खेळता आल्या. असिस्ट ट्रॉफी हा प्रकार यायच्या आधीही हेच चाललं होतं. १९९९ च्या पहिल्या गेममध्ये चारिझार्ड पोके बॉलमधून निघून आगीचे लोळ सोडायचा, किंग डेडेडे ड्रीम लँडच्या मागच्या आकाशातून उडत जायचा. ब्रॉलमध्ये दोघेही फायटर झाले.

म्हणजे वाट आहे. त्या वाटेवरून कोण जातं, हे बघायला मी तीन गोष्टी तपासतो. मी फायटिंग गेमसाठी कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे तिसरी गोष्ट, पात्राचं शरीर, माझ्या जास्त जवळची आहे. पण वजन सगळ्यात जास्त पहिल्या गोष्टीला आहे, आणि ती म्हणजे कॅलेंडर.

रोस्टर, म्हणजे फायटरांची यादी, गेम बाहेर पडायच्या कितीतरी आधी ठरतं. अल्टिमेट ७ डिसेंबर २०१८ ला आला, पण त्याचा प्रोजेक्ट प्लॅन स्मॅशचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्येच पूर्ण केला होता. आता ही तारीख समोर ठेवून अल्टिमेटच्या मूळ रोस्टरकडे बघा. स्प्लॅटून मे २०१५ मध्ये आला, त्यातलं पात्र इंकलिंग आत. आर्म्स २०१७ मध्ये आला, त्याचा चेहरा असलेला स्प्रिंग मॅन असिस्ट ट्रॉफी. झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ डिसेंबर २०१७ मध्ये आला, त्याचा नायक रेक्स मिळाला तो फक्त मी (Mii) फायटरच्या, म्हणजे खेळाडूने स्वतः घडवलेल्या पात्राच्या, पोशाखाच्या रूपात. स्प्रिंग मॅनमध्ये काही कमी होतं म्हणून तो बाहेर राहिला नाही. गाडी सुटली तेव्हा तो स्टेशनवर पोचलाच नव्हता. इन्सिनेरोर याला अपवाद वाटतो, पण नाही. नव्या पिढीच्या पोकेमॉनसाठी जागा आधीच राखून ठेवली होती, नाव नंतर भरलं. पोकेमॉन मालिकेला असा मान मिळतो, बाकी मालिकांनी त्याची अपेक्षा धरू नये.

म्हणून एखादं पात्र असिस्ट ट्रॉफी का झालं हे विचारताना पहिला प्रश्न हा: ते वेळेवर पोचलं होतं का? उशिरा पोचलं म्हणून साहाय्यक झालेलं पात्र आणि वेळेवर असूनही साहाय्यक ठेवलेलं पात्र, यांचं भविष्य सारखं नसतं. पहिल्याची शक्यता पुढच्या गेममध्ये आपोआप वाढते. दुसऱ्याला काहीतरी नवं घडावं लागतं.

इझाबेल पहिल्या प्रकारातली. अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ जपानमध्ये २०१२ च्या अखेरीस आला. २०१४ च्या स्मॅशमध्ये ती यायची आणि ज्याने बोलावलं त्याच्याकडे फळं फेकायची, त्याने त्याचं डॅमेज कमी व्हायचं. बस, इतकंच काम. पण पुढच्या चार वर्षांत ती मालिकेचा चेहरा झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये निन्टेंडोने ती फायटर असल्याचं दाखवलं आणि त्याच दमात स्विचवरच्या नव्या अ‍ॅनिमल क्रॉसिंगची घोषणा केली. हा योगायोग नव्हता. कोणतं पात्र पुढे येणार हे शोधताना त्याच्या मूळ मालिकेत पुढच्या दोन-तीन वर्षांत काय शिजतंय, हे बघायचं ते यासाठी.

लिटल मॅक दुसऱ्या प्रकारातला. पंच-आउट १९८७ चा, म्हणजे उशिराचा प्रश्नच नव्हता. पण ब्रॉलच्या वेळी मालिका कित्येक वर्षं झोपली होती. २००९ मध्ये निन्टेंडोच्या वी (Wii) कन्सोलवर नवा पंच-आउट आला आणि मालिका जागी झाली. मग २०१४. त्याच्या मधलं ते २००९ काढून टाका, मॅक आजही कदाचित असिस्ट ट्रॉफीच राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. एका मालिकेला किती जागा मिळतात आणि त्या जागांसाठी घरातच कोण कोण उभं आहे, हे बघायचं. फायर एम्ब्लेमची लिन २००३ च्या गेममधली, ब्रॉलपासून सलग असिस्ट ट्रॉफी. चाहते तिच्यासाठी तळमळतात आणि मलाही ती आवडते. पण तिची अडचण तिच्यात नाही, तिच्या मालिकेत आहे. फायर एम्ब्लेमला जागा मिळतात, आणि त्या बहुतेक वेळा नुकत्याच आलेल्या किंवा येणाऱ्या गेमच्या नायकाला जातात. रॉय, आईक, रॉबिन, कोरिन, बायलेथ, ही यादीच तसं सांगते. लिनला तिच्याच घरातली नवी पिढी मागे ढकलत राहते.

झेल्डाचं प्रकरण याहून अवघड आहे. मिडना, गिराहिम, स्कल किड, टिंगल, सगळे कधी ना कधी असिस्ट ट्रॉफी झाले. स्कल किडसाठी तर लोकांनी किती काल्पनिक मूव्हसेट, म्हणजे चालींचे संच, लिहिलेत. पण स्मॅशमधल्या झेल्डाच्या फायटरांची यादी काढा: लिंक, झेल्डा, शीक, गॅनॉनडॉर्फ, यंग लिंक, टून लिंक. शीक म्हणजे झेल्डाच. म्हणजे पाच गेममध्ये लिंक, झेल्डा आणि गॅनॉन या तिघांच्या पलीकडचं एकही पात्र फायटर झालेलं नाही. २००८ च्या टून लिंकनंतर तर नवं कुणीच नाही. मालिकेतल्या नव्या गोष्टी जुन्या पात्रांना नवे कपडे, नव्या चाली देऊन दाखवायच्या, असं इथलं धोरण दिसतं. हे धोरण बदललं तर स्कल किडचं नाव पहिलं येईल. बदलल्याची खूण मात्र अजून दिसलेली नाही, आणि अंदाज खुणांवरून बांधायचा असतो.

आता शरीर. यावर थोडा वेळ घालवतो, कारण बाहेरून हे दिसत नाही.

असिस्ट ट्रॉफी बनवताना तीन गोष्टी लागतात: येणं, काम करणं, जाणं. अल्टिमेटमधला गाईल आठवा. तो येतो, खाली बसतो, आणि बसूनच राहतो. समोरचा लांब असेल तर सॉनिक बूम, जवळ आला तर फ्लॅश किक. स्ट्रीट फायटर खेळलेल्या माणसाला ती बैठक बघूनच हसू फुटतं, कारण गाईल खेळणारे खरोखर तसेच दबा धरून बसतात. अप्रतिम निरीक्षण आहे. पण अ‍ॅनिमेटरच्या नजरेने बघा: त्याला चालावं लागत नाही, धावावं लागत नाही, उडी मारावी लागत नाही, मार खाऊन कोलमडावं लागत नाही.

फायटरला काय लागतं? साधा ठोसा आणि त्याची मालिका, धावतानाचा हल्ला, तीन टिल्ट (हलके हल्ले), तीन स्मॅश (जोरदार हल्ले), हवेतले पाच हल्ले, चार स्पेशल, पकडणं, चार फेक, फायनल स्मॅश. हे झाले फक्त हल्ले. मग कड्याला लोंबकळणं, तिथून वर येणं, शिडी चढणं, पोहणं, झोपणं, चक्कर येणं, जमिनीत रुतणं, दुसऱ्याच्या हातात सापडणं, वस्तू उचलून चालणं, तीन टॉन्ट (खिजवण्याच्या हालचाली), जिंकल्यावरच्या पोझ, आणि वर आठ पोशाख. या प्रत्येकात त्याच्या अंगावरचे हिटबॉक्स (समोरच्याला लागणारे भाग) आणि मार बसण्याच्या जागा जुळवायच्या. शिवाय डावीकडे तोंड असताना आणि उजवीकडे असताना पात्र वाचता आलं पाहिजे.

आमच्या एका प्रकल्पात एका साहाय्यक पात्राला फायटर करायचं ठरलं तेव्हाचं सांगतो. सगळ्यांना वाटलं, मॉडेल तयार आहे, अर्धं काम झालंय. मी फाइल उघडली आणि पाठीवरचा झगा हातात घेतला. त्याला हाडंच नव्हती. पात्र नेहमी एका कोनातून यायचं, दोन सेकंद दिसायचं, म्हणून तो झगा एका तुकड्यात, पत्र्यासारखा ताठ बनवलेला होता. पात्राला पहिल्यांदा मागे कोलांटी घ्यायला लावली तर झगा पोटातून आरपार बाहेर आला. पुढे डाव्या हाताची बोटं वेगळी नाहीत हे कळलं. मुठीचा एकच गोळा होता, त्यामुळे हातात वस्तू देताच येईना. शेवटी मॉडेल बाजूला ठेवलं आणि शून्यापासून बांधलं. तेव्हापासून 'तो तर गेममध्ये आहेच, फक्त चालू करायचाय' हे वाक्य ऐकलं की मला तो झगा आठवतो. साहाय्यक म्हणून असलेलं मॉडेल फायटरच्या कामात फारच थोडं उपयोगी पडतं.

म्हणूनच साहाय्यकाची चाल बघून मूव्हसेटचा अंदाज बांधू नका. लिटल मॅकच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता, त्याचा स्टार अपरकट पुढे केओ अपरकट म्हणून राहिला. पण इझाबेलच्या फळांवरून तिची मासे पकडायची काठी कुणी ओळखली असती? त्या काठीने ती समोरच्याला ओढून फेकते, आणि पॉकेट व फुग्यांची चाल तिने शेजारच्या व्हिलेजरकडून घेतली.

आणि इथेच शरीराचा खरा उपयोग आहे. शेजारी जर फायटर असेल आणि अंगकाठी जुळत असेल, तर काम निम्म्याहून खाली येतं. डार्क सॅमस ही सॅमसची इको फायटर (दुसऱ्या फायटरच्या चाली जवळपास तशाच वापरणारं पात्र) झाली, कारण आकार, हातातली तोफ, उंची, सगळं बसत होतं. फायर एम्ब्लेमच्या क्रोमची कथा तर याहून छान आहे. २०१४ मध्ये तो रॉबिनच्या फायनल स्मॅशमध्ये यायचा, एवढंच. रॉबिन आणि लुसिनाच्या ट्रेलरमध्ये तोच म्हणतो की माझी वेळ नंतर कधीतरी येईल. अल्टिमेटमध्ये ती आली, रॉयचा सांगाडा आणि वर झेपावणारी आईकसारखी चाल घेऊन. लोक इको फायटर म्हटलं की नाक मुरडतात. माझ्या मते साहाय्यक पात्रासाठी ती सगळ्यात रुंद वाट आहे.

शरीर अडथळा ठरलं तर काय होतं, हे सॅमसचा शत्रू असलेल्या रिडली या उडणाऱ्या राक्षसात दिसतं. पहिल्या गेममध्ये झीबसच्या मागे उडत गेला, ब्रॉलमध्ये बॉस, २०१४ मध्ये पायरोस्फिअर स्टेजवरचं संकट, आणि अखेर २०१८ मध्ये फायटर. वीस वर्षं त्याचा आकार हाच वादाचा मुद्दा होता. शेवटी त्याला वाकवून, लहान करून बसवलं. म्हणजे शरीराची अडचण कायमची नसते, पण तिला वेळ लागतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. 'स्पिरिट (गोळा करून फायटरला ताकद द्यायचं, फक्त चित्ररूपातलं पात्र) म्हणून आलाय म्हणजे फायटर होणार नाही' हा नियम चाहत्यांनी केला होता, आणि जून २०२० मध्ये मिन मिनने तो मोडला. ती मूळ गेममध्ये स्पिरिट होती. स्प्रिंग मॅनला डावलून ती का आली? आर्म्सचे निर्माते कोसुके याबुकी यांनी तिचं नाव सुचवलं म्हणून. मार्च २०२१ मध्ये झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ च्या पायरा आणि मिथ्रा याच वाटेने आल्या. मी (Mii) फायटरच्या पोशाखाचंही तेच: किंग के. रूल आणि इंकलिंग २०१४ च्या गेममध्ये पोशाख होते, पुढच्यात फायटर झाले. हेइहाचीचा पोशाख होता, आणि टेक्केनमधून आला त्याचा मुलगा काझुया. मालिकेचा अंदाज बरोबर, माणूस चुकला. असं होतं, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

लीकबद्दल दोनच वाक्यं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रिंच लीक म्हणून गाजलेल्या चित्रात शॅडो आणि आयझॅक फायटर म्हणून होते, आणि शहाणीसुरती माणसंही त्यावर विसंबली. दोघेही असिस्ट ट्रॉफीच निघाले.

बाकीचे क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या मालिकांची पात्रं एकत्र आणणारे गेम) काय सांगतात? मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमच्या १९९८ च्या पहिल्या गेममध्ये आर्थर फक्त मदतीला यायचा, २०११ च्या तिसऱ्यात तो फायटर झाला. त्या १९९८ च्याच गेममधली साहाय्यक साकी २००८ मध्ये तात्सुनोको व्हर्सेस कॅपकॉममध्ये खेळता आली. उलट फायनल फँटसीच्या डिसिडिया या फायटिंग गेममध्ये एरिथ २०११ ला साहाय्यक म्हणून आली आणि २०१५ च्या पुढच्या फायटिंग डिसिडियात फायटर झालीच नाही, तिच्या लोकप्रियतेबद्दल कुणाला शंका नसताना. मॉर्टल कॉम्बॅट १ मात्र वेगळ्या पद्धतीने चालतो. त्यात सेक्टर आणि सायरॅक्स २०२३ मध्ये केमिओ, म्हणजे साहाय्यक, होते आणि वर्षभरात, त्याच गेमच्या विस्तारात, फायटर झाले. पण नीट बघा: केमिओ होते ते जुने यंत्रमानव, फायटर झाल्या त्या याच नावांच्या दोन स्त्रिया. म्हणजे तिथेही साहाय्यकाचं मॉडेल उचलून फायटर केलेलं नाही, नव्याने बांधलंय.

आता नावं घेतो, कारण नावं न घेता दिलेला सल्ला अर्धवट राहतो. एक लक्षात ठेवा, अल्टिमेट ८९ फायटरांवर थांबला. इतक्या सगळ्यांना पुन्हा आणणं फार अवघड आहे, त्यामुळे पुढच्या गेममध्ये नव्यांसाठीच्या जागा कमी असतील असं मी धरतो.

माझी पहिली पसंती शॅडो. ब्रॉलपासून असिस्ट ट्रॉफी आहे, म्हणजे सेगाची परवानगी हा नवा विषय नाही. सॉनिकची अंगकाठी हुबेहूब जुळते, म्हणजे इकोची वाट मोकळी. आणि कॅलेंडर त्याच्या बाजूने आहे, २०२४ मध्ये शॅडो जनरेशन्सही आला आणि सॉनिकच्या तिसऱ्या चित्रपटात तो मध्यवर्ती होता. बाहेरच्या कंपनीच्या मालिकेतून दुसरा फायटर घेतल्याची उदाहरणं आहेतच: रियूनंतर केन, सायमनबरोबर रिक्टर, क्लाउडनंतर सेफिरॉथ. नकल्सच्या बाबतीत मालिका तीच, पण अंगकाठी आणि मुठीने लढायची पद्धत वेगळी, म्हणून त्याला पूर्ण नवं काम लागेल. तो शॅडोच्या मागे.

मेगा मॅनचा झिरो आणि स्ट्रीट फायटरचा गाईल यांच्यात गाईलची शक्यता मी कमी धरतो. त्या मालिकेचे दोघे आधीच आत आहेत. झिरोच्या हातात तलवार आहे, त्याची चाल मेगा मॅनपेक्षा पूर्ण वेगळी पडते, म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी आतून आग्रह धरू शकतो.

आयझॅकसाठी माझं मन तुटतं. गोल्डन सनचा शेवटचा नवा गेम २०१० चा. जुने दोन गेम जानेवारी २०२४ मध्ये स्विचच्या ऑनलाइन सेवेत आले ही चांगली गोष्ट, पण मॅकच्या २००९ सारखी घटना ती नव्हे. नवा गोल्डन सन जाहीर झाला तर मी त्याच दिवशी त्याला यादीत वर नेईन.

आणि वालुईजी. शरीराचा प्रश्न नाही: दोन हात, दोन पाय, माणसाएवढी उंची, लांबलचक तंगड्या, त्याही ओळखू येतील अशा. त्याची असिस्ट ट्रॉफी बघा, समोरच्याला पाय आपटून जमिनीत रुतवतो आणि मग टेनिसची रॅकेट फिरवतो. त्या एका चालीतच त्याचा अख्खा स्वभाव आहे, कुढा आणि नाटकी. मूव्हसेट सुचायला अडचण नाही. अडचण मूळ मालिकेची आहे. २००० च्या मारिओ टेनिसपासून तो खेळांच्या आणि पार्टीच्या गेममध्ये आहे, त्याचा स्वतःचा गेम नाही, आणि मारिओच्या घरात रांग लांब आहे. पण त्याच रांगेतून डेझी आली, जिची बहुतेक हयात अशाच गेममध्ये गेली. आणि पिरान्हा प्लांट आली, जी साधी शत्रू होती. म्हणजे मारिओच्या बाबतीत 'स्वतःचा गेम हवा' ही अट निन्टेंडोने दोनदा बाजूला ठेवलेली आहे. अल्टिमेटच्या फायटर्स पासची, म्हणजे नंतर डीएलसीतून विकलेल्या फायटरांची, निवड निन्टेंडोने केली होती आणि साकुराईंनी ती पात्रं बनवता येतील का हे बघून होकार दिला. पुढेही असंच चाललं, तर वालुईजीचा निर्णय अ‍ॅनिमेटरच्या टेबलावर होणार नाही, कंपनीच्या बैठकीत होईल. मी त्याला शॅडोच्या खाली आणि आयझॅकच्या वर ठेवतो. मारिओच्या एखाद्या मोठ्या गेममध्ये त्याला मध्यवर्ती भूमिका मिळाली, तर मी हा क्रम बदलेन.